हिरवी बारव

सविताला आधी आनंदच झाला होता. नगरला ज्या प्रकल्पात ती नोकरी करायची, तिथल्या कॉम्प्युटरनं जिल्ह्यातल्या सगळ्या जुन्या वास्तूंना रंग दिले, आणि काष्टीपलीकडच्या तिच्या माहेरची पायऱ्यांची बारव आली हिरवी. नुसती हिरवी नव्हे, जिल्ह्यात पहिली. हिरवं म्हणजे लोक जपतायत. लाल म्हणजे पडायला आलंय, दुरुस्तीचा निधी आधी तिकडं. उपग्रहाचे फोटो, मोबाईलच्या हालचाली, फोनवरून विचारलेले प्रश्न, असला सगळा ढीग त्या यंत्राच्या पोटात जायचा आणि रंग बाहेर पडायचा.

मग तिला शंका आली. भल्या पहाटे एवढे मोबाईल बारवेवर करतात काय? भावानं तर सांगितलं होतं, भिंतीला फुगवटा आलाय, येता पावसाळा काही ती काढत नाही.

प्रकल्पप्रमुख रविराज सरांना घेऊन ती गावी गेली. बारव यायच्या आधीच सरांचा रुमाल नाकाला लागला. पुढं पाऊल टाकायला जागा नव्हती. ज्या पायऱ्यांवर बसून सवितानं लग्नात साती आसरांची ओटी भरली होती, त्या पायऱ्या गावानं वरपासून पाण्यापर्यंत हागून ठेवल्या होत्या. आसरांच्या कोनाड्यात शेंदरावर गुटख्याच्या पिचकाऱ्या. तिथल्या माशा उठून तिच्या ओठांवर बसल्या. किळसेपेक्षा तिला संतापच जास्त आला.

तशीच ती चुलतीच्या, बनुबाईच्या दारात गेली.

"काकू, तुमाला फोन आल्ता का, बारवेला जाता का म्हणून?"

"आल्ता की. रोज जात आसाल तर एक दाबा म्हनला. दाबला." बनुबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "कसलं निलाजरं गं ते! बायामान्सांना आसलं इचारतंय. पन खोटं कशाला बोलू?"

नळ आल्यापासून बारवेचं पाणी कुणी भरत नव्हतं. सरकारी संडासांत सरपण रचलेलं होतं. 'बारवेला जाऊन येतो' म्हटलं की काय समजायचं, हे गावातल्या शेंबड्या पोराला कळत होतं. लाखो नोंदी गिळून बसलेल्या यंत्राला तेवढंच कळलं नव्हतं.

"सर, ही लाल करा," बारवेवर परतून काकूचं सगळं सांगितल्यावर सविता म्हणाली. "आत्ता दुरुस्ती नाही झाली तर बारव जाईल."

"अहवाल वर गेलाय, सविता. एवढ्या डेटावर उभं आहे सगळं, एका काकूंसाठी बदलायचं?" सर रुमालातूनच बोलले आणि मागं येऊन उभ्या राहिलेल्या सरपंचांकडं वळले. "पुढच्या आठवड्यात इथं फलक लावायचा कार्यक्रम आहे. पाहुणे येतायत. सरपंच, तेवढी सफाई करून घ्या."

"करतो की," सरपंच आप्पासाहेब म्हणाले. "वास म्हनून येनार न्हाई."

पुढच्या आठवड्यात सविता गाडीतून उतरली, तेव्हा खरंच वास नव्हता. बारवही नव्हती. आप्पासाहेबांनी जेसीबी लावून भिंतीसकट ती मुरमानं बुजवली होती, वरून रोलर फिरवला होता आणि त्यावर मांडव घातला होता. मांडवाच्या तोंडाशी चकचकीत फलक होता: 'लोकांनी जपलेला वारसा'.

तिनं सरांकडं पाहिलं. सरांचा चेहरा पडला होता, पण पाहुण्यांची गाडी आली तसे ते सावरले. "कार्यक्रम उरकू दे आधी," ते पुटपुटले आणि हार घेऊन पुढं झाले.

"आप्पासाहेब, बारव कुठंय?" सविताचा आवाज चिरकला.

"आत हाय की, ताई." आप्पासाहेबांनी तिच्या हातावर पेढा ठेवला. "आता भित पडायची भीती न्हाई, का कुनी घान करायची न्हाई. लई दिवसांचं काम हुतं, झालं एकदाचं."

मांडवात टाळ्या पडल्या. सविताला शिसारी आली, त्या पेढ्याची, त्या टाळ्यांची, हार घालणाऱ्या त्या हातांची. तिनं पेढा मुरमावर फेकला आणि सगळ्यांदेखत पचकन थुंकली.

आप्पासाहेब मनापासून दुखावले.

"ताई, हितं थुकू नका," ते म्हणाले. "वारसा हाय."