काकांच्या खुर्चीखालचा वारा

मी एक फरशी बोलतेय. पण तुमच्या स्वयंपाकघरातली नव्हे बरं का! मी लोखंडी, अंगभर छिद्रं असलेली, डेटा सेंटरमधली. इथे एसीचा गार वारा जमिनीखालून वाहतो आणि माझ्या छिद्रांतून वर येऊन सर्व्हरना, म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरना, मिळतो. काम एवढंच, पण त्याचा मला भारी तोरा होता.

कारखान्यातून आले ती थेट शेवटच्या रांगेतल्या सर्व्हरपुढे. तो दिवसभर राबायचा, मी त्याला वारा घालायचे. आमचं छान जमलं होतं.

मग काका आले. काका म्हणजे इथले सुपरवायझर. त्यांचं टेबल रांगांच्या मागे, सगळे सर्व्हर जिथे गरम हवा सोडतात तिथे. काका घामाघूम व्हायचे. एक दिवस त्यांनी मला सरळ उचललं, आपल्या खुर्चीखाली बसवलं आणि माझ्या जागी एक बिनछिद्रांची फरशी टाकली.

"हां, आता कसं बरं वाटतंय!" म्हणाले. पाय गार, डोकं गरम, तरी माणूस खूश! त्यांचा राग यायचा नाही हो, पण माझ्या सर्व्हरसाठी जीव तुटायचा.

तो तापून सारखा बंद पडू लागला. साहेब म्हणाले, "एसी वाढवा." दोन्ही एसी वाढवले. माणसं स्वेटर घालून कुडकुडायला लागली, वीज नुसती उधळली जात होती, आणि तो बिचारा तापलेला तो तापलेलाच. शेवटी साहेबांनी तिसरा एसी घ्यायचं ठरवलं.

"साहेब, आजचा दिवस द्या," नवी इंजिनिअर म्हणाली. "गारवा भरपूर आहे, पण भलतीकडेच जातोय."

"संध्याकाळपर्यंत दाखव. नाहीतर एसी मागवतो."

पोरगी पातळ कागदाची पट्टी धरून खोलीभर फिरली. शेवटच्या सर्व्हरपुढे पट्टी ढिम्म हलेना. फिरत फिरत ती आमच्याकडे आली.

"काका, जरा उठता का?"

"आता माझ्या खुर्चीने काय घोडं मारलंय?" कुरकुरत काका उठले. पट्टी फडफडत उडाली आणि थेट त्यांच्या मिशीला चिकटली. पोरगी हसत सुटली. काकांनी जीभ चावली, मग तेही हसले. स्वतःच मला उचलून जागेवर नेलं आणि टेबलही खोलीबाहेर हलवलं.

मी पुन्हा वारा घालू लागले. काय सांगू, आनंदाने माझं छिद्र न् छिद्र गात होतं! संध्याकाळी साहेब आले. सर्व्हर गार होता. पोरीने धीर करून एक एसी चक्क बंद केला. सगळे श्वास रोखून सर्व्हरच्या तापमानाच्या आकड्याकडे बघत राहिले. आकडा हलला नाही. मग उरलेल्या एसीचा गारवाही तिने हळूहळू कमी केला. स्वेटर उतरले. एसीचा आवाज एवढा कमी झाला की काका गुणगुणतात, आणि तेही बेसूर, हे सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं.

आता मी सुखात आहे. काका रोज येऊन माझ्यावर तळहात धरून वारा बघतात. तुम्हाला उकडलं तर खुशाल खुर्ची हलवा, पण माझ्यासारखीला हलवू नका, एवढंच मागणं.

काल एक मेकॅनिक आला. बंद एसी बघून म्हणाला, "बिघडलाय वाटतं. उघडू का?"

"हात लावू नकोस," काका छाती फुगवून म्हणाले. "तो सुट्टीवर आहे!"