बिनदिव्याचा पाट

केराबाईनं साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा धरला आणि हात झटकन मागं घेतला. लाकूड ऊन होतं, आत्ताच कुणी धरून सोडल्यासारखं.

तिचा थोरला, बिरप्पा, गिरणीत जॉबर होता, कामगारांवरचा मुकादम. त्यानं विमा उतरवला, पण मागं पैसे कुणाला द्यायचे ते लिहायचं राहिलं. तो गेल्यावर दोघींनी हक्क सांगितला, तशी कंपनी रक्कम सोलापूरच्या कोर्टात भरून मोकळी झाली. एकीकडं आई, दुसरीकडं तानाबाई. तानाबाई आधीची विधवा. बिरप्पानं तिच्याशी पाट लावला होता, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. धाकटा सिद्धाप्पा आईला पढवून थकला होता.

"पाट लागलाच न्हाय म्हण. ठेवलेली बाई हुती म्हण. न्हायतर माझ्या दारात पाऊल टाकू नगंस."

केराबाईनं मान डोलावली होती. तानाबाईच्या मेलेल्या पहिल्या नवऱ्यानंच आपल्या लेकाला ओढून नेलं, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

वकील तिच्याच बाजूचा. त्यानं हसून विचारलं,

"मावशी, लग्न म्हटलं की वाजंत्री आली, पाहुणे आले. इथं काही होतं?"

"न्हाय."

"निदान घरात दिवा?"

"न्हाय वो."

"मग हे कसलं लग्न?"

"पाटाला दिवा कसा लावायचा?" केराबाई ताडकन म्हणाली. "पहिल्याला वाट दिसंल की! सवाष्णींना बी भाईर काढलं. मी इधवा, म्हणून मीच तिचा हात धरून आत आणली."

कीर्तनात बुवांनी हात वर करावा आणि टाळ जागीच थांबावेत, तसं वकिलाचं हसू थांबलं. सिद्धाप्पा डोळे वटारून बघत होता.

"म्हणजे पाट लागला होता?" जज्जसाहेबांनी विचारलं.

अजून सावरता आलं असतं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"देवाचं नाव घेतलंय, सायेब. लागला हुता."

बाहेर आली तर सिद्धाप्पा टांगा करून निघून गेलेला. पायरीवर तानाबाई उभी.

"आत्ती, चला घरी."

"मला नेतीस? मी तुला काय म्हणणार हुते, ठावं हाय न्हवं?"

"तुमी म्हणला न्हाय की. चला, ऊन लई हाय."

दोघी शुक्रवार पेठेच्या रस्त्याला लागल्या. थोडं अंतर गेल्यावर केराबाई कुजबुजली,

"मागनं कुणी चालतंय का गं?"

"बघू नगा. रोजच येतंय."

"तुझा पहिला, का माझा बिरप्पा?"

तानाबाईनं नुसती चाल हळू केली, मागच्याला गाठता यावं म्हणून.