तीन चाकं जर्मनीला

फेब्रुवारीत लॉर्नाच्या बदलीचा हुकूम आला तेव्हा मी बिस्किटांचं पीठ मळत होतो. तिने दारातूनच सांगितलं, जर्मनी, तीन वर्षं, जूनमध्ये निघायचं. आणि बूट न काढता ती सरळ गॅरेजमध्ये गेली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, त्यामुळे ती तिकडे कशाला गेली हे विचारायची गरज नव्हती. थोड्याच वेळात मोजपट्टी ओढल्याचा आवाज आला. ती मोटारसायकलची लांबी-रुंदी मोजत होती.

लॉर्ना अमेरिकी सैन्यात गाड्यांची मेकॅनिक आहे, हुद्दा स्टाफ सार्जंट. मीही सैन्यातलाच, स्वयंपाकी होतो. पस्तिशीत डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं सुरू झालं, अडतिसाव्या वर्षी उरलंसुरलं दिसायचंही थांबलं आणि सैन्याने मला मानाने घरी पाठवलं. त्याआधी आम्ही दोघं दोन मोटारसायकलींवर अख्खं कॅन्सस पालथं घालायचो. माझी मी विकली. तिने मात्र एका हिवाळ्यात लोखंडी नळ्या आणल्या, वाकवल्या, वेल्डिंग केलं आणि तिच्या जुन्या चार सिलिंडरच्या जपानी गाडीला साइडकार जोडली. आतली बैठक माझ्या मापाची. "बस," म्हणाली, "आजपासून मागून ओरडायचं नाही, शेजारून ओरडायचं."

मार्चमध्ये आम्ही छावणीतल्या वाहतूक कचेरीत गेलो. तिथल्या बाई गोड बोलणाऱ्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं: मोटारसायकल घरसामानातच जाते, सैन्य जेवढ्या वजनाचं सामान नेऊ देतं त्यातून तिचं वजन वजा होतं, टाकीत पेट्रोलचा थेंब नको, बॅटरीच्या तारा सोडवायच्या, मालकीचा कागद सोबत हवा. मग त्यांनी विचारलं, साइडकार कोणत्या कंपनीची?

"माझी," लॉर्ना म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग अगदी आपुलकीने म्हणाल्या की तिकडची तपासणी कडक असते, घरी बनवलेल्या वस्तू तिथे अडतात, तीन वर्षं गॅरेजमध्ये धूळ खात पडतात आणि तशाच परत येतात. त्यापेक्षा इथेच विकलेली बरी. लॉर्नाने त्यांचे आभार मानले आणि अर्जाच्या तीन प्रती मागून घेतल्या.

पण बाईंचं बोलणं माझ्या डोक्यात घर करून बसलं. नवा देश, नवी पलटण, भाषा येत नाही. मी इथे घरापासून दुकानापर्यंतची पावलं मोजून ठेवलेली, तिकडे मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. ते सगळं लॉर्नाच्याच अंगावर पडणार, आणि त्यात वर ही तीनचाकी भानगड. समोरच्या गल्लीत हॉलिस नावाचा निवृत्त सार्जंट राहायचा. नातवंडांना फिरवायला साइडकार हवी असं तो दोन वर्षं म्हणत होता. मी त्याच्याशी परस्पर विक्रीचं बोलून टाकलं. लॉर्नाला नंतर सावकाश सांगू, असा माझा बेत.

हॉलिस भलताच उत्साही निघाला. शनिवारी सकाळी तो गाडीमागे ट्रेलर जोडूनच आला, आणि दार लॉर्नाने उघडलं.

तिने त्याला कॉफी दिली, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली आणि काहीतरी गैरसमज झालाय म्हणून दारापर्यंत पोचवलं. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा, बिस्किटांचं पीठ मळून तसंच पडलेलं. ती आत आली आणि खुर्ची ओढून बसली.

"मला विचारलंस?"

"तुझं ओझं कमी करत होतो."

"कुठलं ओझं? गाडीचं, की तुझं?"

 ती रागावली असती तर सोपं गेलं असतं. ती रागावली नव्हती, दुखावली होती. तिचा आवाज अशा वेळी खाली जातो.

"ऐक एमेट," ती म्हणाली. "मी ती साइडकार तुझ्यावर उपकार म्हणून नाही केली. मला एकटीने फिरायचा कंटाळा येतो. तिकडेही कंटाळा येणारच. एवढीच गोष्ट आहे. तू ती मोठी करू नकोस."

मी माफी मागितली. मळलेल्या पिठाकडे तिने नजर टाकली असावी, कारण पुढचं वाक्य होतं, ते वाळतंय.

सामान बांधायचा दिवस मे महिन्याच्या शेवटी आला. लॉर्नाला त्याच दिवशी छावणीत दहा ठिकाणी सह्या घ्यायच्या होत्या, त्यामुळे घरी मी एकटा. चार जण आले, त्यांचा मुकादम थर्मन. माणूस कामाचा पक्का. दुपारपर्यंत अर्धं घर खोक्यांत गेलं. साइडकार लॉर्नाने आधीच सोडवून ठेवली होती, ती लाकडी चौकटीत बसवली. मोटारसायकलीची पाळी आली तेव्हा थर्मन थांबला.

त्याला पेट्रोलचा वास येत होता. तो म्हणाला, वास असेल तर गाडी चढणार नाही, नियम आहे. ट्रक चारला निघतो, तोवर वास गेला तर ठीक, नाहीतर ही इथेच राहील. मी लॉर्नाला फोन लावला. बंद. सह्यांच्या रांगेत फोन बंदच ठेवायला लावतात.

दोन महिन्यांपूर्वी असं झालं असतं तर मला मनातून सुटल्यासारखं वाटलं असतं. पण आता ती गाडी मागे राहिली असती तर लॉर्नापुढे उभं राहायला मला तोंड उरलं नसतं. मी गॅरेजमध्ये जाऊन गुडघ्यांवर बसलो. टाकीचं झाकण उघडून नाक लावलं. आत कोरडा, शिळा वास. टाकी रिकामीच होती. मग मी खाली खाली गेलो. इंजिनाच्या मागे वास ताजा होता.

या गाडीला चार कार्ब्युरेटर, आणि प्रत्येकाच्या बुडाशी पेट्रोल साठायची वाटी, तिला ती रिकामी करायचा स्क्रू. लॉर्ना गाडी दुरुस्त करताना मी कित्येक वर्षं शेजारच्या डब्यावर बसून तिच्या हातात पाने देत आलोय, मला ते इंजिन बोटांनी पाठ आहे. पहिल्या तीन वाट्यांचे स्क्रू सैल होते, बोट कोरडं राहिलं. चौथा घट्ट.

मी थर्मनकडे पेचकस मागितला. तो म्हणाला, "साहेब, राहू द्या, लागेल हाताला." मी हात पुढे धरूनच ठेवला. शेवटी त्याने दिला. स्क्रू गंजून जाम झाला होता. दोनदा पेचकस निसटला, तिसऱ्यांदा कुरकुरला आणि फिरला. चमचा-दोन चमचे पेट्रोल माझ्या तळहातावर सांडलं. एवढ्याशासाठी सगळा खोळंबा.

वाटी पुसून, गॅरेजची दोन्ही दारं उघडी टाकून आम्ही तासभर थांबलो. त्या चौघांना मी उरलेली बिस्किटं आणि सॉसेजचा रस्सा वाढला. मग थर्मन उठून गाडीपाशी गेला, चांगले चार श्वास घेतले.

"आता फक्त तुमच्या रश्श्याचा वास येतोय," तो म्हणाला आणि आपल्या माणसांना फळ्या आणायला सांगितल्या.

संध्याकाळी मी लॉर्नाला सगळं सांगितलं.  तिने कबूल केलं की चौथा स्क्रू हलेना म्हणून तो तसाच सोडला होता, चमचाभर कुणाला कळणार म्हणून. "तुझ्या नाकाचा हिशेब करायचा राहिलाच," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं रिकाम्या घरात जमिनीवर बसून हसलो.

बव्हेरियात पोचल्यावर सामानाची नऊ आठवडे वाट पाहिली. उसन्या खुर्च्यांवर दिवस काढले. लाकडी चौकटी आल्या त्या दिवशी लॉर्नाने पलंग जोडायच्या आधी मोटारसायकल जोडली. बॅटरी लावली, पेट्रोल घातलं, आणि दुसऱ्यांदा कळ दाबताच इंजिन बोललं. वरच्या मजल्यावरच्या बाईने खिडकी लावून घेतली.

छावणीच्या तपासणी केंद्रावर विझिंगर नावाचे जर्मन गृहस्थ होते. आवाजावरून साठीकडे झुकलेले. इंग्रजी सावकाश, एकेक शब्द पारखून. त्यांनी अर्धा तास गाडीभोवती फेऱ्या मारल्या, ठोकून पाहिलं, आणि नापास केली. साइडकारच्या खालच्या सांध्याची पकड गाडीच्या सांगाड्याला नुसत्या वेल्डिंगने चिकटवलेली होती, तिथे त्यांना बोल्टने आवळलेली पट्टी हवी होती. बाहेरच्या कडेला पुढचा दिवा नव्हता. आत बसणाऱ्याला धरायला मजबूत कडी नव्हती.

मला वाटलं, आता लॉर्ना भांडणार. तिने फक्त विचारलं, "काय दिसलं तर तुम्ही पास कराल?"

विझिंगर थोडे गडबडले असावेत. मग कागदावर पेन्सिल फिरायचा आवाज आला. त्यांनी तिला पट्टीचं चित्र काढून दिलं, जाडीसकट.

दोन आठवडे ड्युटी संपली की लॉर्ना छावणीच्या कार्यशाळेत असायची. मी डब्यावर, पाने हातात. कडी कुठे हवी हे तिने मला विचारून ठरवलं. मी बसून हात टाकला, जिथे पडला तिथे तिने खूण केली.

दुसऱ्या तपासणीला विझिंगरांनी सांधा पाहिला, दिवा पाहिला, कडी ओढून पाहिली आणि पान उलटलं. आता वजन भरून चालवून बघायचं होतं, ते स्वतः चालवणार होते. त्यांनी मदतनीसाला वाळूची पोती आणायला सांगितलं.

"पोती कशाला?" मी म्हटलं. "मी आहे ना. नव्वद किलो."

लॉर्नाने माझी बाही धरली. मग सोडली.

परक्या माणसाच्या हाती ती गाडी मी पहिल्यांदाच अनुभवत होतो. विझिंगर छान चालवत होते, लॉर्नापेक्षा जरा रुक्ष. मैदानाला दोन फेऱ्या झाल्या, उजवं वळण, डावं वळण, मग जोरात ब्रेक. पुन्हा ब्रेक. ते थांबले आणि विचारलं, काही जाणवलं का?

जाणवलं होतं. ब्रेक लागला की माझ्या डाव्या खांद्यामागे एक बारीक टक् होत होतं. नवा आवाज. सांगितलं तर गाडी पुन्हा नापास होणार, हे मला माहीत होतं. पण त्या बैठकीत बसणारा मी होतो, आणि चालवणारी लॉर्ना.

"ब्रेकला टक् होतं," मी म्हटलं. "इथे, मागे, वरच्या सांध्यात. पहिल्या फेरीत कमी होतं, आता वाढलंय."

विझिंगर उतरले. पाना लावल्याचा आवाज झाला. ते इंग्रजी विसरून जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटले, मग लॉर्नाला हाक मारली. वरच्या सांध्याचा नट पाव फेरा सैल निघाला होता. खालच्या पट्टीच्या नादात लॉर्ना तो आवळायला विसरली होती. तिने एक सैनिकी शिवी हासडली, स्वतःलाच. नट आवळला, वर तारेने बांधून टाकला. विझिंगरांनी मला पुन्हा बसवून आणखी तीनदा ब्रेक मारला. दरवेळी विचारायचे, "आता?" मी म्हणायचो, "काही नाही."

शिक्का उमटला. कागद लॉर्नाच्या हाती देताना ते तिला म्हणाले, "काम चांगलं आहे तुमचं. पण तपासनीस म्हणून यांना ठेवा."

"चौदा वर्षं ठेवलाय," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही डोंगरातल्या गावांकडे निघालो. रस्ता मला नवा, वळणं नवी, हवेत ओल्या गवताचा आणि शेणाचा वास. एका वळणावर लॉर्नाने गाडी थांबवली, गाई रस्ता ओलांडत होत्या. गळ्यातल्या घंटा दोन्ही बाजूंनी वाजत होत्या. कुठे, किती, हे मी विचारायच्या आत एक गरम, ओलं नाक माझ्या मानेला लागलं आणि तिथेच थांबलं. लॉर्ना इतकी हसत होती की तिला इंजिन बंद करावं लागलं. मी गाईच्या कपाळावर हात ठेवला. तिला काही घाई नव्हती, आणि आम्हालाही.