दोन निळ्या वायरी

जयंतीला मी विहारात पहिल्यांदा माइक हातात घेतला, आणि तेव्हापासून मला गप्प बसवणं कोणालाच जमेना. म्हणूनच रविवारच्या वंदनेनंतर मालनआत्यांनी विचारलं, गवत कापायच्या मशीनची बॅटरी कोण बसवेल, तर मी पटकन हात वर केला. आत्या विहार समितीच्या अध्यक्ष. मेकॅनिक पौर्णिमेनंतर येतो म्हणत होता आणि पौर्णिमा दुसऱ्याच दिवशी. सगळी कॉलनी पांढरे कपडे घालून लॉनवर बसणार, आणि बोअरचं पाणी पिऊन गवत माझ्या गुडघ्याला लागलेलं.

मशीन बसून चालवायचं आहे, छोट्या ट्रॅक्टरसारखं. शेंद्र्याच्या एका कंपनीनं जुनं झालं म्हणून विहाराला दिलेलं. चालवतात कडुबामामा, जे अख्ख्या कॉलनीचेच मामा आहेत. मी घरी जेवून परत आले तोवर त्यांनी जुनी बॅटरी काढून, शहागंजच्या दुकानात बदलीत देऊन नवी आणलीसुद्धा होती. सीटखाली दोन वायरी लोंबत होत्या. दोन्ही निळ्या.

मी विचारलं, लाल कुठंय? मामा म्हणाले, जुन्या वायरी उंदरांनी कुरतडल्या म्हणून गेल्या वर्षी त्यांनीच नव्या टाकल्या.

"दुकानात लाल होती की," ते म्हणाले. "पण जयंतीचा महिना. दोन्ही निळ्याच घेतल्या."

प्लस कोणती, तर डावीकडची, त्यांना पक्कं आठवत होतं. आत्यांनी परत विचारल्यावर उजवीकडची पक्की आठवायला लागली.

आत्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उलटं लागलं तर मशीन जळंल, मोनिका. दुसरं कोण देणार नाय आपल्याला. जमत नसंल तर आत्ताच सांग. सतरंज्या रस्त्यावर टाकू."

मे महिन्यातला डांबरी रस्ता. संध्याकाळीसुद्धा त्यावर म्हाताऱ्या माणसांना बसवणार कसं? आणि हात तर मीच वर केला होता. पण मला एकच गोष्ट छळत होती: या वायरी जातात कुठं?

मी सरळ मशीनखाली घुसले. एक वायर लांब होती, स्टार्टरपर्यंत गेलेली. दुसरी मात्र वीतभर जाऊन लोखंडी सांगाड्याला नट-बोल्टनं आवळलेली, बस्स. वायर लोखंडात संपते कशी? शाळेत तर दोन्ही वायरी बल्बपर्यंत नेल्याशिवाय बल्ब लागत नाही. मी तशीच पालथी पडून विचार करत राहिले, आणि मग वाटलं, सांगाडाच दुसरी वायर असेल तर? करंट सगळ्या लोखंडातून परत येत असेल तर?

पळत जाऊन मम्मीच्या स्कूटीचं झाकण उघडलं. तिथं रंग बरोबर होते. काळी, म्हणजे मायनस, सांगाड्याला आवळलेली! मला नाचावंसं वाटत होतं, तरी सावकाश येऊन सांगितलं की आखूड वायर मायनस.

मामा म्हणाले, "स्कूटी येगळी, मशीन येगळं, पोरी." ते जरा रुसलेही होते.

"मामा, तुम्हाला आठवत असतं तर मी खाली कशाला घुसले असते?"

मामा आत्यांकडं बघायला लागले. आत्या माझ्या तेलकट कोपरांकडं बघत होत्या. "ती म्हणती तसंच लावा," त्या म्हणाल्या. "आणि चावी तीच फिरवंल."

आधी प्लस आवळली, मग मायनस. चावी फिरवताना मी एक डोळा मिटला होता. मशीन खोकलं, थांबलं, परत खोकलं आणि सुरू झालं. जळका वास नाही, धूर नाही. मामांनी मला उठवलं आणि सीटवर बसून पहिला पट्टा कापत निघाले. ओल्या गवताचा वास सुटला.

मी शेजारून पळत ओरडून विचारत होते, की इंजिन आता पेट्रोलवर चाललंय, तर मग बॅटरी या वेळी काय करते, रिकामी होते की भरते? मामांनी हातानंच खूण केली, बाजूला हो. मी बाजूला झाले, पण पळत राहिले.