भांडण कापलेला पिच्चर

बसा भाऊ, खामगावच्या एका कॉलेजातल्या पिच्चरची गोष्ट सांगतो.

तिथच्या सांस्कृतिक भवनात दोन दिवसाचा सर्वधर्म कार्यक्रम होता. तिथंच शिकनाऱ्या मलिहानं आपली दादी नूरबी अन् शेजारच्या सोजराबाईवर लहानसा पिच्चर बनवला होता. पडद्यावर दोघी कधी शिरखुर्मा खात, कधी तीळगूळ वाटत. मलिहाचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: दादीले आवडन का?

पिच्चर संपला, लोकायनं टाळ्या वाजवल्या. नूरबी मात्र चष्मा पुसत बसली.

"काऊन वं दादी, नाही आवडला?"

"ह्या कोन बाया हायेत, बेटी? इतक्या गोड?"

"हाव नं!" बाजूले बसलेली सोजराबाई म्हने. "हिनं माही बकरी काठीनं हानली, मी महिनाभर बोलली नाही, ते कुठी गेलं?"

"बकरीनं माह्ये पापड खाल्ले, ते सांग नं आधी!"

मलिहाची मान खाली गेली. ते सारं भांडण तिनं कॅमेऱ्यात टिपलं होतं, पन सर्वधर्म कार्यक्रमात बरं दिसत नाही म्हनून कापून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ते पिच्चरात परत जोडून दाखवलं. भवन हासून हासून लोळलं, अन् नूरबी सगळ्यायत जोरात हासली. गोड तं पाव्हन्यासंगही बोलता येते भाऊ, भांडाले आपलंच मानूस लागते.

आता तो पिच्चर आपल्या गावात दाखवनार हायेत. ज्या शेजाऱ्यासंग तुमची बोलचाल बंद हाये, त्याले संगं घेऊन या बरं.