फोन आईचा, नंबर लखनचा

धुळ्याच्या एका कचेरीत लखन पावरा नावाचा कारकून आहे. वय एकोणतीस, कामाला चोख, बोलायला गोड. कुणाची फाइल हरवली की लखनला बोलवा, कुणाचं पान आडवं छापून आलं की लखनला बोलवा. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले सुकदेव नाना तिथे हेडक्लार्क आहेत. त्यांना स्वतःचा पासवर्डही माहीत नाही, तो लखनच्या डायरीत असतो. त्या डायरीत असे सात जणांचे पासवर्ड आहेत. लखन येतो, "सरका नाना" म्हणत त्यांच्या खुर्चीत बसतो, खटखट चार बटणं दाबतो आणि उठतो. नाना म्हणतात, "तू शे म्हणून चालस रे भाऊ." हे वाक्य लखनला फार आवडतं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, हे सुख दिवसातून चार वेळा मिळालं की माणसाला त्याची चहासारखी तलफ लागते. आपल्यालाही लागलेली असेल, जरा आठवून बघा.

लखनची आई दिवालीबाई रावेर तालुक्यात राहते, सातपुड्याच्या पायथ्याला, मोहझिरी गावात. सोळा वर्षांपासून ती गावाची आशाताई आहे. कोणत्या सुनेला कितवा महिना, कोणत्या पोराचा डोस चुकला, हे सगळं तिला तोंडपाठ. सोबतीला तिचं जाडजूड रजिस्टर, स्वतःच्या अक्षरातलं. मग वर्षभरापूर्वी एक दिवस वरून सरकारी मोबाइल आला आणि रजिस्टरातलं सगळं फोनमध्ये भरायचा आदेश आला.

फोन सुरू करून दिला अर्थातच लखनने. कुलूप आईच्या अंगठ्याचं ठेवलं. अंगठा नाही लागला तर चार आकडी नंबर. तो नंबर मात्र त्याने आईला सांगितला नाही. "तू कुणालाही सांगून बसशील," म्हणाला.

आता ज्या हातांनी तीस वर्षं कापूस वेचला, मोहाची फुलं गोळा केली, राखेने भांडी घासली, त्यांच्या अंगठ्यावर रेषा उरणार कुठून? रेशनच्या दुकानातलं यंत्रही तिला तीन-तीनदा अंगठा पुसायला लावायचं. फोन दहातून चार वेळा उघडायचा. "हाऊ फोन माले वळखत नही," ती हसून म्हणायची. उघडला तरी अक्षरं मुंगीएवढी, आणि टाइप करायला घेतलं की एका नावाला पाच मिनिटं.

म्हणून मायलेकांनी एक सोय काढली. दिवालीबाईने आठवड्याच्या नोंदी कागदावर लिहायच्या, रविवारी लखनने येऊन त्या फोनमध्ये भरायच्या. मधेच तिने शिकायला म्हणून हात पुढे केला, की त्याचा हात आधी पोचायचा. "दे इकडे, तुला नाही जमणार." हे तो रागाने म्हणत नसे. प्रेमानेच म्हणायचा, आणि घोळ नेमका तिथेच होता.

एका गुरुवारी दुपारी कचेरीत लखनला फोन आला. नंबर गावच्या गुरुजींचा होता, आवाज आईचा.

"लखन, मना राजीनामा टाइप करी आन."

"का गं? काय झालं?"

"माले नही जमस," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लखनने सहा मिनिटांत राजीनामा टाइप केला. 'वाढते वय व तांत्रिक अडचणीमुळे' असं शोभेल ते कारण टाकलं, कागद छापला, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला. आई आता निवांत घरी बसेल, या विचाराने त्याला बरंच वाटलं.

सोमवारी राजीनाम्यासोबत फोनही जमा करायचा होता. त्याआधी त्यातले घरचे फोटो काढून घ्यायला रविवारी सकाळी मायलेक जवळच्या सावद्याला गेले, जहांगीरभाईंच्या दुकानात. जहांगीरभाई आधी रेडिओ दुरुस्त करायचे, आता मोबाइल करतात. साठीचा माणूस, कपाळावर भिंग, आणि एक सवय अशी की गिऱ्हाइकाला काही समजावताना ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहतात. नवखं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं.

लखनने फोन उघडून दिला, त्यांनी तो चाळून बघितला. "लखन, यात आठ हजार गुलाबाची फुलं आहेत. सकाळी-सकाळी लोक पाठवतात ती. फोन म्हातारा नाही झाला, याचं पोट भरलंय. कशाला जमा करतोस?"

"आईचा राजीनामा आहे, चाचा. तिला नाही जमत."

"असं? अक्का, तू सांग, काय नाही जमत?"

 दिवालीबाईने बुधवारची गोष्ट सांगितली. लखन ती पहिल्यांदाच ऐकत होता.

बुधवारी भर दुपारी गावातल्या जामसिंगच्या सुनेच्या, ममताच्या, पोटात कळा सुरू झाल्या. तारखेच्या बारा दिवस आधी. जामसिंगचं सगळं घर केळीच्या बागांमध्ये कामाला गेलेलं. दिवालीबाईने दवाखान्याची गाडी बोलवायला फोन काढला. अंगठा लावला, नाही उघडला. पदराला पुसून लावला, नाही उघडला. पाचव्यांदा फोनने नंबर मागितला, आणि नंबर होता धुळ्याला. ती उन्हात शाळेपर्यंत पळाली, गुरुजींच्या फोनवरून गाडी बोलावली. गाडी पोचली तेव्हा उशीर झालेला होता. बाळंतपण वाटेतच, गाडीत झालं.

"ममता आन पोर, दोन्ही चांगल्या शेत," ती म्हणाली. "माले कोनी काही बोलनं नही. पन या येळले वाचनी. पुढल्या येळले?"

 लखनने हातातलं फोल्डर काखेत धरलं.

"तो नंबर कुणाला माहीत आहे?" जहांगीरभाईंनी विचारलं.

"मला," लखन म्हणाला.

"फोन कुणाचा?"

"आईचा."

 जहांगीरभाईंनी थर्मासमधून दोन ग्लास चहा ओतला, काठोकाठ, आणि एकेक करून लखनच्या दोन्ही हातांत दिला. "धर. टेबलावर ठेवू नकोस, एका मोबाइलचा बोर्ड उघडा पडलाय. जमिनीवरही नको, स्क्रू सांडलेत."

मग ते दिवालीबाईसमोर हात मागे बांधून उभे राहिले. "अक्का, मी हात लावणार नाही. तूच करशील. आधी हे लक्षात ठेव, फोन कुलपात असला तरी खाली बारीक अक्षरात 'आपत्कालीन' लिहिलेलं असतं. ते दाबून एकशे बारा लावला की मदत मागता येते. अंगठा लागत नाही, नंबर लागत नाही."

दिवालीबाईने तो शब्द शोधून काढला आणि त्यावर बोट ठेवलं. "हाई बुधवारी बी व्हतं?"

"होतं."

ती बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली. लखनला चहाचे चटके बसत होते.

"आता अक्षरं मोठी कर. सेटिंगमध्ये जा, ते चाकाचं चित्र. त्यात डिस्प्ले. हं, आता अक्षरांचा आकार."

दिवालीबाईचं बोट भलतीकडेच गेलं. लखन पुढे झुकला, चहा मनगटावर सांडला.

"जागेवर उभा राहा," जहांगीरभाई त्याच्याकडे न बघता म्हणाले. "चुकू दे तिला. अक्का, मागे यायचा बाण आहे, तो दाब. काही बिघडत नाही."

तिसऱ्या खेपेला जमलं. अक्षरं हरभऱ्याएवढी झाली. दिवालीबाईने चष्म्याशिवाय एक ओळ मोठ्याने वाचली आणि लेकाकडे पाहिलं. या फोनची अक्षरं मोठी होतात हे लखनला वर्षभरापासून माहीत होतं. आईला ती दिसतात का, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नव्हतं.

"आता बोट. अंगठा राहू दे, तो झिजलाय. डावी करंगळी दाखव बरं." जहांगीरभाईंनी भिंग डोळ्यावर ओढलं. "ही बघ, हिला कामच नसतं, हिच्या रेषा शाबूत आहेत. हिची नोंद दोनदा कर, एकदा सरळ आणि एकदा थोडी तिरपी. आणि नंबर नवा टाक, तुझ्या मनातला. मला सांगू नकोस, याला तर मुळीच नको."

जुना नंबर टाकल्याशिवाय नवा घालता येईना. लखनने तो सांगितला, हळू आवाजात. त्याचीच जन्मतारीख होती. दिवालीबाई दोघांकडे पाठ करून बसली आणि पदराआड चार आकडे घातले. लहान पोरीने खाऊ लपवावा तशी ती बसली होती. लखनला एकदम लाज वाटली.

"चाचा, मी तिच्या भल्यासाठीच करत होतो," तो म्हणाला.

"मी कुठे नाही म्हणतो? रेडिओच्या जमान्यात मीही तेच करायचो. लोक रेडिओ आणायचे, मी स्टेशन लावून द्यायचो. काटा जरा हलला की परत माझ्याकडे. वाटायचं, वा, काय मान आहे आपल्याला. मग मला कावीळ झाली, महिनाभर घरी पडलो. परत आलो तर दुकानासमोर बत्तीस रेडिओ, आणि एकही बिघडलेला नव्हता. महिनाभर त्या घरांत ना बातम्या, ना बाजारभाव. एवढा मान मला सोसवला नाही. तेव्हापासून हात मागे." ते थांबले. "बेटा, तू आईचं काम करत होतास हे खरं. पण ते करता करता तिचं काम तिच्या हातातून काढून घेतलंस. बुधवारी तू कुठे होतास?"

 बुधवारी त्या वेळी लखन सुकदेव नानांचं पान उभं करून देत होता.

शेवटी टाइप करायची वेळ आली. जहांगीरभाईंनी कीबोर्डवरचं माइकचं चित्र दाखवलं. भाषा मराठी आहे हे तिच्याकडूनच तपासून घेतलं. "हे दाब आणि बोल. सावकाश बोल, डॉक्टरसाहेबांशी बोलतेस तशी. चुकलं तर तेवढाच शब्द बदलायचा."

दिवालीबाई ताठ बसली, पदर सारखा केला आणि शाळेतल्यासारखी प्रमाण मराठी काढली. "माता ममता. मुलगी झाली. वजन दोन किलो सहाशे ग्रॅम. दोघींची तब्येत ठीक."

अक्षरं आपोआप उमटत गेली. तिने ती वाचली, एक आकडा दुरुस्त केला आणि नोंद पाठवली. सोळा वर्षं तिने गावात जन्मलेल्या प्रत्येक पोराची नोंद स्वतः केली होती. मधल्या वर्षभरातल्या तेवढ्या लखनच्या हातच्या होत्या. या पोरीची पुन्हा तिची झाली. दिवालीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

"लखन, तो कागद दे," ती म्हणाली.

हातातले ग्लास आता गार झाले होते. जहांगीरभाईंनी ते काढून घेतले. लखनने फोल्डरमधला राजीनामा दिला. दिवालीबाईने तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपल्या रजिस्टरच्या अक्षरात लिहायला लागली. चाक, डिस्प्ले, अक्षर मोठं. करंगळी दोनदा. माइक. एकशे बारा. गुलाबाची फुलं कशी पुसायची तेही विचारून घेतलं, आणि ती पुढे आपोआप साठू नयेत म्हणून काय बंद करायचं तेही. लिहून झाल्यावर घडी घालून कागद पिशवीत टाकला. सही करायची जागा दुसऱ्या बाजूला तशीच राहिली.

सोमवारी कचेरीत सुकदेव नानांनी हाक मारली, "लखन, बठ्ठं पान गायब झाय रे." लखन आला. नाना सवयीने खुर्चीतून उठायला लागले. "बसा नाना," लखन म्हणाला आणि हात मागे बांधले. "कंट्रोल धरा, झेड दाबा. चुकून पुसलेलं परत येतं." नानांनी दाबलं, पान आलं. नाना कितीतरी वेळ त्या दोन बटणांकडे बघत बसले. दुपारपर्यंत लखनने डायरीतली सातही पानं फाडून ज्याची त्याला दिली आणि बजावलं, "आता हा बदला, नवा मला सांगू नका." कचेरीतल्या दोघातिघांना त्याला काहीतरी झालंय असं वाटलं.

गुरुवारी दुपारी लखनच्या फोनवर आईचा संदेश आला. तिच्या हातून आलेला तो पहिलाच. "आजच्या तीन नोंदी पाठवल्या. रविवारी ये. फोनसाठी नको, जेवायला ये." लखनने तो दोनदा वाचला आणि फोन खिशात ठेवला.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादा फोन असा असतो, वापरणाऱ्याचा एक आणि उघडणाऱ्याचा दुसरा. आई, मावशी, आजोबा तो आपल्यापुढे करतात, आणि आपण दोन सेकंदांत काम उरकून परत देतो. ते दोन सेकंद वाचवण्यापायी आपण त्यांना वर्षानुवर्षं आपल्या दारात उभं करतो. शिकवायला वेळ जास्त लागतो, चहा मनगटावर सांडतो, तो सांडू द्यावा. पुढच्या वेळी आईने फोन पुढे केला, तर आपले हात मागे घ्या.