आग्रहाची गोळी

डॉक्टरांनी उदयसिंहांच्या हृदयाला लगाम घातला आणि त्यांच्या जिभेचा सुटला. छातीत धडधडायचं, ते बीटा ब्लॉकरच्या रोजच्या अर्ध्या गोळीनं थांबलं. झालं! दुसऱ्याच दिवशी दूध कट्ट्यावर त्यांचा दवाखाना सुरू. म्हशीची धार ग्लासात पडेपर्यंत हे कुणाची तरी नाडी धरून मोकळे.

एका सकाळी शिलाईकाम करणारा आरिफ म्हणाला, "बापू, आमच्या पोरीचं, फरहीनचं लग्न जवळ आलंय. काळजीनं छातीत नुसतं धडधडतंय बघा."

एवढं पुरे होतं. उदयसिंहांनी खिशातली गोळ्यांची पट्टी काढली. स्वतःला अर्धी लागते म्हणून दुसऱ्यालाही अर्धीच? कोल्हापुरात पाहुण्याला अर्धी वाटी रस्सा कुणी वाढतं का? त्यांनी सबंध दिली आणि "एकीनं काय हुतंय?" म्हणत वर आणखी एक. आरिफ मान हलवत होता, पण आग्रहाच्या वेळी हललेल्या मानेला या गावात कुणी नकार समजत नाही. दुधाबरोबर दोन्ही गोळ्या पोटात गेल्या.

दुपारी आरिफची बायको नजीरा हिचा रडत फोन आला. उदयसिंह दवाखान्यात पोचले तेव्हा आरिफ श्वासासाठी तडफडत होता.

"दमा एवढा बळावला कशानं?" डॉक्टरीणबाई विचारत होत्या. "काय घेतलं होतं यांनी?"

अख्ख्या कट्ट्याला सल्ले वाटणाऱ्या माणसानं खिशातली पट्टी मुठीत दाबून धरली. मिसळीवर ढकलून द्यावं, असंही मनात येऊन गेलं. समोर माणूस जायला टेकला तरी काहींना आधी आपल्या अब्रूची पडलेली असते. पण आरिफचे ओठ निळे पडायला लागले आणि उदयसिंह पुरते घाबरले.

"म्या दिल्या गोळ्या. छातीच्या. दोन."

"कुठल्या?"

"पांढऱ्या. बारक्या."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या हातातली पट्टी ओढून नाव वाचलं. "दम्याच्या माणसाला या? श्वासनळ्या आवळतात यानं!" त्या ओरडल्या आणि आरिफकडे धावल्या.

संध्याकाळी आरिफ बोलण्याइतका सावरला. उदयसिंहांना खरंच रडू आलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"लेका, दमा हाय म्हणून सांगायचं न्हाईस व्हय?"

आरिफनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"सांगितलं की, बापू. दोनदा सांगितलं. तुमी बोलत हुता."